पनामा कालवा : नाकारलेला आराखडाच सरस होता का?

प्रश्न : जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमची शेती आहे, त्यामुळे कालव्यांविषयी जे मिळेल ते वाचतो. पनामा कालव्यासाठी १८७९ च्या पॅरिस परिषदेत गोदँ द लेपिने या फ्रेंच अभियंत्याने धरण आणि जलपाश (दरवाजे असलेली, पाणी भरून वा सोडून जहाज वर-खाली नेणारी कुंडे) यांची योजना मांडली होती. तरीही सुएझ कालवा उभारणारे द लेसेप्स यांची समुद्रसपाटीवरून सलग कालवा खोदण्याची योजना ७४ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाली. त्या वेळी व्यवहाराच्या दृष्टीने कोणती योजना सरस होती? पुढे काय घडले हे ठाऊक असल्यामुळेच आपण लेपिने यांना द्रष्टे ठरवतो का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : लेपिने यांचीच योजना सरस होती, आणि तसे ठरवण्याइतकी माहिती १८७९ मध्येही हाताशी होती. या वादात माती किती उपसावी लागेल याचीच चर्चा अधिक होते. माझ्या मते मात्र खरा प्रश्न चाग्रेस नदीचा होता. ही नदी कालव्याच्या मार्गाला वारंवार छेदत होती आणि मुसळधार पावसात तिची पातळी काही तासांत कित्येक मीटर चढत असे. समुद्रसपाटीच्या कालव्याचा तळ नदीच्या पात्रापेक्षा बराच खाली राहणार असल्यामुळे प्रत्येक पूर गाळासह त्यात कोसळला असता. लेपिने यांनी नदीला चुकवण्याऐवजी तिलाच कामाला लावले : गातूनजवळ धरण बांधावे, सुमारे २४ मीटर उंचीवर जलाशय निर्माण करावा आणि जहाजे जलपाशांतून टप्प्याटप्प्याने वर चढवून त्यातून पलीकडे न्यावीत. गोदावरीचा लोंढा नाथसागरात पसरून कसा मंदावतो हे आपण जाणताच. चाग्रेसच्या पुराचेही तेच झाले असते.

द लेसेप्स यांच्या बाजूने १८६९ च्या सुएझचे यश होते, पण सुएझचा प्रदेश सपाट आणि कोरडा आहे, तर पनामात कुलेब्राचा डोंगर फोडायचा होता. शिवाय पॅसिफिककडील भरती-ओहोटीचा फरक सुमारे सहा मीटर असल्याने तेथे दरवाजे टळलेच नसते. काम १८८१ मध्ये सुरू झाले; दरडी, पूर आणि रोगराई यांनी ते खचले. द लेसेप्स यांच्या कंपनीने १८८७ मध्ये जलपाश स्वीकारले खरे, पण १८८९ मध्ये ती बुडाली.

पुढे हे काम हाती घेतलेल्या अमेरिकेतही १९०५ च्या सल्लागार मंडळाचे बहुमत समुद्रसपाटीच्याच बाजूने होते. चाग्रेसचा पूर प्रत्यक्ष पाहिलेले मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी जलपाशांचा आग्रह धरला आणि १९०६ मध्ये तोच निर्णय झाला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुल्या झालेल्या या कालव्यातील गातून जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर आहे.

या योजनेची उणीवही खरी आहे आणि मराठवाड्यातील वाचकाला ती लगेच उमगेल : जुन्या जलपाशांतून एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर रोज सोडायच्या जहाजांची संख्या घटवावी लागली. समुद्रसपाटीच्या कालव्याला या पाण्याची गरज पडली नसती. पण चाग्रेसचा पूर अडवण्यासाठी धरण तेथेही बांधावेच लागले असते.