हत्तीरोगाविषयी आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण घ्यायचे आहे; सत्रात नेमके काय शिकवावे?

आपण लिहिले आहे की समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून पूर्व विदर्भातील एका उपकेंद्रात आपण नुकतेच रुजू झाला आहात, हत्तीरोगाविषयी आशा, परिचारिका आणि परिसरातील डॉक्टर यांच्यासाठी एक दिवसाचे सत्र घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि सादरीकरणात कोणत्या मुद्द्याला किती वेळ द्यावा हे आपल्याला ठरवायचे आहे. मी जिल्हा परिषदेच्या सेवेतून आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. मुद्द्यांची यादी आपल्याला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मिळेल, म्हणून ती मी देत नाही. अशी सत्रे कुठे वाया जातात, हे मात्र मला सांगता येईल.

ती वाया जातात, कारण ती कृमीपासून सुरू होतात आणि गोळीपाशी संपतात. मी ज्या सत्रांना बसले त्यांचा क्रम ठरलेला असे. सकाळी वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या हत्तीरोगाच्या कृमीचे जीवनचक्र, तो पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाचे चित्र, मायक्रोफायलेरिया, म्हणजे या कृमीची सूक्ष्म पिल्ले, रात्रीच रक्तात का उतरतात याची माहिती. जेवणानंतर वयोगटानुसार डीईसी या कृमीनाशक औषधाच्या गोळ्यांचा तक्ता, मागील मोहिमेची टक्केवारी, भत्त्याच्या कागदावर सही आणि शेवटची एसटी. दिवसभरात एकाही सुजलेल्या पायाला कोणी हात लावत नसे. या सत्रांतून बाहेर पडलेल्या परिचारिकेला डासाच्या शरीरात अळीची किती स्थित्यंतरे होतात हे सांगता येई, पण समोर बसलेल्या बाईच्या बोटांच्या बेचकीतून वास का येतो आणि त्याचे काय करायचे, हे सांगता येत नसे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा उजवा पाय हत्तीरोगाने सुजलेला आहे. आमचे गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, शेती धानाची. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात पाय राहिला की त्यांना थंडी वाजून ताप येई, जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येई, पाय लाल होऊन इतका तापे की त्यावर लुगड्याचा काठही सहन होत नसे. चार-पाच दिवसांनी ताप उतरे, पण सूज आधीपेक्षा थोडी वाढलेलीच राही. तालुक्याच्या ठिकाणी ज्या खासगी डॉक्टरांकडे त्या जात, ते दर वेळी एक इंजेक्शन देत, डीईसीचा, म्हणजे जुने लोक ज्याला हेट्राझान म्हणतात त्या गोळ्यांचा बारा दिवसांचा कोर्स लिहून देत आणि निघताना बजावत की पायाला पाणी लागू देऊ नका. जाऊबाई आज्ञाधारक. त्यांनी पायावर फडके गुंडाळले आणि अनेक वर्षे तो पाय जवळजवळ धुतलाच नाही. बोटांमध्ये बुरशी, बुरशीखाली भेगा, भेगांत पू; आणि पुढच्या रोवणीला पुन्हा ताप.

या उपचारातील प्रत्येक गोष्ट उलटी होती, आणि ती का उलटी होती हेच आपल्या सत्राचा गाभा असायला हवे. जुनी सूज ही प्रौढ कृमींनी लसिकावाहिन्यांची, म्हणजे अंगातल्या द्रवाचा निचरा करणाऱ्या बारीक नळ्यांची, कायमची हानी केल्यामुळे राहते; ज्यांचा पाय असा सुजलेला असतो त्यांच्या रक्तात पुष्कळदा मायक्रोफायलेरिया सापडतही नाहीत. डीईसी मायक्रोफायलेरियांना आणि काही अंशी प्रौढ कृमींना मारते, पण बिघडलेल्या वाहिन्या त्यामुळे दुरुस्त होत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे कोर्स देऊनही पाय उतरत नाही. पावसाळ्यातला ताप तर बहुतेक वेळा कृमींचा नसतोच. बोटांमधल्या भेगांतून साधे जिवाणू आत शिरतात, निचरा होत नसलेल्या पायात ते फोफावतात आणि प्रत्येक झटक्यासोबत सूज एक पायरी वर चढते. म्हणजे त्या बाईला गरज होती साबण, पाणी, कोरडे फडके आणि बुरशीच्या मलमाची, आणि डॉक्टरांनी नेमके पाणीच बंद केले. ब्राझीलमधील रेसिफे येथे डॉ. जेरुसा ड्रेयर यांच्या कामातून हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट झाले होते. आमच्याकडे ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर छापलेले होते, आणि तिथपर्यंत कोणताही प्रशिक्षक पोहोचत नसे.

मी ती पाने वाचली आणि घरीच सुरुवात केली. रोज संध्याकाळी एका टबात साधे पाणी घ्यायचे, गरम नव्हे. साध्या साबणाचा फेस हातावर करून गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत हलक्या हाताने लावायचा, त्वचेच्या घड्या उघडून आतून पुसायच्या, प्रत्येक बेचकीत मऊ कापडाची पट्टी फिरवायची, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवायचे, मग न घासता टिपून कोरडे करायचे. बोटांमध्ये बुरशीचे मलम, जखम असेल तिथे जंतुनाशक मलम. निजताना खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर उचललेले, बसल्यावर पाय पाटावर, आणि दिवसातून काही वेळा टाचा उचलण्याचा व घोटा फिरवण्याचा व्यायाम. सुरुवातीला जाऊबाई घाबरल्या, कारण डॉक्टरांचा शब्द मोडत होतो. पण फडक्याचा वास पहिल्या आठवड्यातच गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने त्यांना पूर्वीसारखे खाटेला खिळवले नाही. पाय दुसऱ्या पायासारखा झाला नाही आणि होणारही नाही. चप्पल मात्र घालता येऊ लागली, आणि लग्नकार्यात त्या पंगतीत येऊन बसू लागल्या, जे त्यांनी सोडून दिले होते.

यानंतर तालुक्याचे प्रशिक्षण ठरले तेव्हा मी सुचवले की एक तास जाऊबाईंना द्यावा. त्या सर्वांसमोर पाय धुऊन दाखवतील आणि प्रत्येक परिचारिका एकदा स्वतःच्या हाताने तो धुईल. त्या वेळच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ते फेटाळले. त्यांचे म्हणणे होते की आपला कार्यक्रम निर्मूलनाचा आहे, शुश्रूषेचा नाही. ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी आता काही करण्यासारखे उरत नाही. आणि सभागृहात एका बाईचा पाय दाखवणे म्हणजे रुग्णाचे प्रदर्शन मांडणे. तिसऱ्या आक्षेपाकडे मी शेवटी येते, कारण त्यात तथ्य आहे. पहिल्या दोन आक्षेपांत काडीचे तथ्य नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये हत्तीरोग निर्मूलनाचा जो कार्यक्रम सुरू केला त्याची उद्दिष्टे पहिल्या दिवसापासून दोन आहेत: प्रसार थांबवणे आणि आधीच आजारी असलेल्यांचे हाल कमी करणे. त्यातले दुसरे आमच्या तालुक्यापर्यंत आले तेव्हा गळून पडलेले होते.

शिवाय दुसरे सोडले की पहिलेही हाती लागत नाही. १९५५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम आहे, २००४ पासून वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम आहे, २०१९ मध्ये देशातील सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूरला आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांची मोहीम झाली, २००२ च्या आरोग्य धोरणात निर्मूलनासाठी धरलेले २०१५ साल सरकत आता २०२७ वर आले आहे. गोळ्या वाटल्या जातात. गिळल्या किती जातात, हे प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. ती दारात उभी राहून "माझ्यासमोर गिळा" म्हणते तेव्हा घरातला म्हातारा ओसरीवर बसलेल्या सुनेच्या पायाकडे बोट दाखवून म्हणतो, "आंधी तिच्या पायाचं काई करा, मंग आमाले औषद द्या." गोळी वरून निरोगी दिसणाऱ्यांसाठीही आहे, त्यांच्या रक्तातले मायक्रोफायलेरिया कमी झाले की डास पुढे काही नेऊ शकत नाही, हे शास्त्र त्या म्हाताऱ्याला पटायचे असेल तर ज्या घरात पाय सुजलेला आहे तिथे आरोग्य खात्याने आधी टब आणि साबण घेऊन जायला हवे. ज्या वस्त्यांत मी हे करून पाहिले, तिथे पुढच्या मोहिमेत आमच्या कर्मचाऱ्यांना दारे बंद मिळाली नाहीत. टक्केवारीच हवी असणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एवढे लक्षात घ्यावे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की दिवसाचा अर्धा वेळ पायाला द्यावा, आणि तोही टब, पाणी व हात यांच्यासह. पडद्यावर दाखवून नव्हे. जीवनचक्राला पाऊण तास पुष्कळ झाला. डासाविषयी एकच गोष्ट ठासून सांगा, ती म्हणजे हा डास घाण साचलेल्या पाण्याचा आहे. आमच्याकडे लोक, आणि काही कर्मचारीसुद्धा, बोडीला, म्हणजे लहान तळ्याला, आणि धानाच्या बांधीला दोष देत बसतात, आणि घरामागची तुंबलेली नाली व शौचालयाच्या टाकीचा जाळी नसलेला पाईप तसाच राहतो.

डॉक्टरांसाठी वेगळा तास ठेवा आणि खासगी डॉक्टरांना स्वतः जाऊन बोलवा. पत्र पाठवून ते येत नाहीत. रुग्ण आधी त्यांच्याकडेच जातो, त्यांच्याही आधी औषधाच्या दुकानात, त्यामुळे दुकानदारही आले तर उत्तम. त्यांना दिवसा घेतलेल्या रक्ताविषयी खडसावून सांगावे लागेल. आपल्याकडच्या या कृमीचे मायक्रोफायलेरिया रात्री दहा ते दोनच्या सुमारास रक्तात सर्वाधिक असतात. सकाळी अकराला रक्त काढून "फायलेरिया नाही" असा अहवाल हातात देणे म्हणजे रुग्णाची फसवणूक आहे. दिवसा तपासायचेच असेल तर रक्तातले कृमीचे प्रतिजन, म्हणजे कृमीने सोडलेले अंश, शोधणारी पट्टी आहे. आणि जुना हत्तीपाय हा पाय पाहून, हात लावून आणि इतिहास विचारून ओळखायचा असतो. त्याचे निदान रक्ताच्या काचपट्टीवर टांगून ठेवू नये. तापाच्या झटक्यात विश्रांती, ताप उतरवणारी गोळी, भरपूर पाणी, पायावर थंड पाण्याचे फडके आणि योग्य प्रतिजैविक. त्या दिवसांत व्यायाम नको आणि डीईसीही नको. महिनोन्‌महिने रात्री खोकणारा, दम्याचा म्हणून फिरवला जाणारा आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खूप वाढलेला रुग्णही कधी कधी याच कृमीचा असतो, आणि तिथे मात्र डीईसी खरोखर गुण देते.

पुरुषांचा अंडवृद्धीचा प्रश्न परिचारिकांवर सोडू नका. मला इतक्या वर्षांत फारच थोड्या पुरुषांनी आपणहून सांगितले. धोतर आणि लुंगीखाली ते झाकून राहते आणि घरच्या बायकांनाच ठाऊक असते. पुरुष आरोग्य सेवकांना विचारायला शिकवावे, आणि हेही सांगायला शिकवावे की या रोगाच्या सर्व परिणामांत हाच एक असा आहे जो शस्त्रक्रियेने चांगल्या प्रकारे दूर होतो.

काही सावधगिरीच्या सूचना राहिल्या. हृदयविकार असलेल्या रुग्णाला खाटेचा पायथा उचलायला सांगू नये. घट्ट पट्टी बांधणे ज्याने शिकलेले नाही त्याने बांधू नये. मोहिमेतील गोळ्या दोन वर्षांखालील मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि गंभीर आजारी व्यक्तींना देत नाहीत, आयव्हरमेक्टिनला पाच वर्षांची अट आहे, आणि उपाशीपोटी कोणालाच नाही. गोळीनंतर येणारा ताप आणि चक्कर बहुधा मरणाऱ्या मायक्रोफायलेरियांमुळे येते, हे आशाताईंना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर अफवा त्यांच्याआधी गावात पोहोचते. सुजलेला प्रत्येक पाय हत्तीरोगाचा नसतो. हृदय, मूत्रपिंड आणि शिरांचे आजारही असतात, आणि ते वेगळे करणे डॉक्टरांचे काम आहे, माझे नाही. सत्र मे महिन्यात संपवा, कारण रोवणी सुरू झाली की आशाताईही बांधीत असतात आणि रुग्णांचे झटकेही तेव्हाच वाढतात.

राहिला प्रदर्शनाचा आक्षेप. रुग्णाला न विचारता बसवले, पुरुषांच्या गर्दीत तिचा पाय उघडा टाकला, मोबाईलवर फोटो काढले, तर ते प्रदर्शनच आहे, आणि अधिकाऱ्यांची भीती तेवढ्यापुरती खरी होती. परंतु त्यावरचा उपाय तिला घरी ठेवणे हा नाही. पुढे माझ्या उपकेंद्रात मी जाऊबाईंना बोलावले तेव्हा त्यांना विचारून, लहान गटात, फोन बाहेर ठेवून बोलावले. त्यांनी स्वतः पाय धुतला, आशाताईंच्या चुका त्यांनीच दाखवल्या, आणि आलेल्या एका खासगी डॉक्टरांना त्यांनी सर्वांदेखत विचारले की पाणी लावू नका असे तुम्ही लोक कशाच्या आधारावर सांगत होता. डॉक्टरांकडे उत्तर नव्हते. आपणही आपल्या गावातील अशी एखादी बाई किंवा पुरुष शोधा, कार्यक्रमपत्रिकेवर प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव आधीच छापा, आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला जे मानधन व प्रवासखर्च देणार असाल तेच त्यांनाही द्या, कारण त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार आहे. लेखा विभाग हरकत घेईल. ती हरकत लेखी मागा.