दिवाळखोरी जाहीर केली तर घर वाचेल का?

प्रश्न : अशोक चौकाजवळ आमचा टॉवेलचा छोटा कारखाना होता, चार माग. तो बंद पडला. जुळे सोलापुरातलं घर तारण ठेवून सहकारी बँकेतून १८ लाख घेतले होते. घर आणि कर्ज दोघांच्या नावावर, दीर जामीनदार. हप्ते थकले आणि आता बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. शेजारी म्हणतात, कोर्टात दिवाळखोरी जाहीर करा, कर्ज माफ होतं आणि घरही राहतं. मिस्टर तयार झालेत. काय करावं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, मिस्टरांना थांबवा. या सल्ल्याने घर वाचणार नाही.

आपल्याकडे व्यक्तीच्या नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज अजून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच चालतो. नादार ठरल्यावर पुढे कोर्ट कर्जमुक्तीचा आदेश देऊ शकतं, पण मालमत्तेतून रुपयाला ५० पैसेही निघत नसतील, तर परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती हे पटवून द्यावं लागतं. सरकारी देणं माफ होत नाही. तारण घेतलेल्या बँकेचा घरावरचा हक्क तर या कायद्याने जराही हलत नाही. आणि मिस्टर सुटले तरी तुम्ही सहकर्जदार आहात, भाऊजी जामीनदार आहेत. तुम्हा दोघांना ती मुक्ती लागू नाही. बँक उद्या भाऊजींच्या दारात उभी राहील, हे घरात बसून नीट बोला.

तुमची खरी संधी या साठ दिवसांत आहे. ही २००२ च्या सरफेसी कायद्याची नोटीस, म्हणजे कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याची. तिला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. व्याज, दंडव्याज कसं लावलं त्याचा खातेउतारा मागा, एकरकमी तडजोडीचा प्रस्तावही त्याच पत्रात मांडा. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

पैशाची सोय होणारच नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की घर लिलावात जाऊ देण्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून विका. मात्र नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, इसार घेण्याआधी ती मिळवा. लिलाव झालाच, तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते. कमी पडली तर बाकी मात्र अंगावर राहते.

बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत मुदत असायची. त्या जुन्या भरवशावर कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही सोबत न्या. साठ दिवसांची मुदत मोजताना नोटीस कधी हाती पडली, हे महत्त्वाचं ठरू शकतं.