ट्रान्सचे चाहते आणि घरचा डीजे

रेसिडेंट डीजे, म्हणजे एकाच क्लबमध्ये ठरलेल्या रात्री वर्षानुवर्षे वाजवणारा डीजे, या विषयावर मागील अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक ट्रान्स, म्हणजे लांबत चढत जाणाऱ्या धुनींचे नाचाचे इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकणाऱ्यांची निघाली. हे चाहते तक्रारही मनापासून करतात, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला दुसऱ्या दिवशी भेटायलाही जातात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सहा महिन्यांपासून एका क्लबमध्ये दर शुक्रवारी ट्रान्स वाजवतो. तीस-चाळीस जण एकही रात्र चुकवत नाहीत. मात्र त्यांना गाजलेले दहा-बारा ट्रॅक हवेच असतात. नवे काही लावले की नाचणाऱ्यांचा फ्लोअर विरळ होतो, आणि नंतर कोणीतरी मी वाजवतो त्या बूथपाशी येऊन ऐकवून जातो. मी त्यांचे ऐकावे की माझे वाजवावे?

‘एकही रात्र चुकवत नाहीत’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे तिथेच आहे. पाहुण्या डीजेला दोन तासांत सारे काही सिद्ध करायचे असते, म्हणून तो हातातले हुकमी पत्ते लवकर टाकतो. तुमच्याजवळ पुढचा शुक्रवार आहे, त्याच्या पुढचाही आहे. आज जे वाजले नाही ते पुढच्या वेळी वाजेल, असा भरवसा चाहत्यांना वाटू लागला की फर्माइशींचा तगादा आपोआप कमी होतो. आणि तो भरवसा तुमच्या सांगण्याने निर्माण होत नाही, तर तुम्ही खरोखर वाजवल्यामुळे निर्माण होतो.

त्याआधी फर्माइशीचा अर्थ नीट लावायला हवा. ट्रान्सचा चाहता एखाद्या ट्रॅकचे नाव घेतो तेव्हा त्याला तो ट्रॅक हवा असतोच असे नाही. त्या ट्रॅकने एका रात्री त्याला ज्या अवस्थेत नेले होते, ती अवस्था त्याला पुन्हा हवी असते. आता त्या ट्रॅकची घडण पाहा. डीजेंसाठीची आवृत्ती बहुधा सात ते नऊ मिनिटांची असते. किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेसलाइन (खर्जातली ओळ) बराच काळ चालतात, मग एकाएकी दोन्ही थांबतात, मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ केवळ सूर आणि धून उरते (हा ब्रेकडाउन), त्यानंतर स्नेअर या तडतडत्या ड्रमचा मारा दाट होत जातो (हा बिल्डअप) आणि अखेर किक परत येते. त्या परतण्यात जे सुख आहे, ते सगळे आधीच्या वाट पाहण्यातून आलेले असते. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळत गेल्याने तासाभरात साधारण आठ-दहा ट्रॅक बसतात. ते सगळेच गाजलेले, सगळेच प्रचंड बिल्डअपचे असतील, तर तासात दहा वेळा हात वर जातात आणि अकराव्या वेळी कोणालाच काही वाटत नाही. तुमचे चाहते हे मागतात ते त्यांना हवे आहे म्हणून, यात शंका नाही. परंतु त्यांनी मागितले तसेच दिलेत, तर तीन महिन्यांनी तेच म्हणतील की शुक्रवारात पूर्वीची मजा राहिली नाही.

मी जे करतो ते सांगतो. दोन परिचित ट्रॅकच्या मध्ये, स्वरपट्टी जुळत असेल असे पाहून, एक नवा ट्रॅक ठेवतो आणि तोच ट्रॅक सलग चार आठवडे रात्रीच्या त्याच सुमाराला लावतो. पहिल्या आठवड्यात लोक पाणी प्यायला जातात. दुसऱ्या आठवड्यात काहींना तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. चौथ्या आठवड्यात ब्रेकडाउन सुरू होताच कोणीतरी डोळे मिटून उभे असते, आणि पुढे कधी तो लावला नाही तर त्याचीही फर्माइश येते. श्रोत्यांची आठवण घडवण्याची ही सोय फिरत्या डीजेला नाही, तुम्हाला आहे.

फ्लोअर विरळ होतो तेव्हा नेमक्या कोणत्या क्षणी होतो, तेही पाहून ठेवा. लोक नवा ट्रॅक सुरू होताच निघून जात असतील तर निवड चुकली. ब्रेकडाउनमध्ये निघून जात असतील तर ट्रॅक चांगला असूनही वेळ चुकली आहे. रात्र अंगात भिनण्याआधी किकशिवायची दोन मिनिटे फार लांब वाटतात. अशा वेळी ब्रेकडाउन येण्यापूर्वीच पुढचा ट्रॅक आत घ्यावा. १३८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १३८ ठोक्यांच्या वेगाने, चार-चार ठोक्यांचे सोळा बार, म्हणजे चौसष्ट ठोके, सुमारे अठ्ठावीस सेकंदांत संपतात. तेवढ्यात शांतपणे मिक्स करता येते.

बूथपाशी येणाऱ्याला ‘बघतो’ असे मात्र म्हणू नका. सुरुवातीच्या काळात मी सर्वांना ‘बघतो’ म्हणत असे, आणि ते मला सौजन्य वाटे. एकजण तेवढ्यावर विसंबून शेवटचा दिवा लागेपर्यंत थांबला होता. वाजवणार असाल तर हो म्हणा, नसाल तर ‘आज नाही’ म्हणा, आणि हेडफोन कानावर असताना काहीच म्हणू नका.

प्रश्न : आमच्या क्लबचा रेसिडेंट एरवी उत्तम वाजवतो, परंतु मोठा पाहुणा डीजे येणार असला की त्या रात्री दोन-अडीच तास अगदी सपाट वाजवतो. त्याला कमीपणा वाटत असेल का, की क्लबवाले त्याला मुद्दाम दाबून ठेवतात?

पिकते तिथे विकत नाही, हे रेसिडेंटच्या बाबतीत खरे आहे. तरीही तुम्हाला जे सपाट वाटते तोच त्याच्या कामातील सर्वांत कठीण भाग असण्याची शक्यता अधिक आहे. पाहुणा १३६ किंवा १३८ बीपीएमला सुरुवात करणार असेल, तर आधीच्या डीजेने १२४-१२६ पासून निघून दोन तासांत १३२ च्या आसपास पोहोचावे, मोठी धून टाळावी, बेस आणि लय यांवर भर द्यावा आणि फ्लोअर भरलेला पण भुकेला ठेवून बाजूला व्हावे, अशी अपेक्षा असते. त्याने साडेदहालाच आपले सर्वांत लाडके ट्रॅक उधळले, तर तुम्ही बारा वाजता दमलेले असाल आणि पाहुण्याला जिना चढायला पायरीच उरणार नाही. आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असून ते न वाजवणे, आणि तेही आपल्याच माणसांसमोर, याला मोठा संयम लागतो.

हे सगळे मान्य करूनही तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, असे मला वाटते. रेसिडेंटने कायम इतरांसाठी सतरंजी अंथरावी, ही रीत ट्रान्सच्या जन्मकाळची नव्हे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे संगीत जर्मनीत, विशेषतः फ्रँकफर्ट आणि बर्लिनमध्ये आकाराला आले, तेव्हा फ्रँकफर्टच्या ओमेन या क्लबमध्ये स्वेन फेट हा स्वतः सहमालकही होता आणि तिथला मुख्य डीजेही. लोक त्याच्याकडेच येत. पुढे पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने १९९७ पासून सुमारे दोन वर्षे लिव्हरपूलच्या क्रीम या क्लबमध्ये रेसिडेंट म्हणून वाजवले, तेव्हा तोच त्या रात्रीचे आकर्षण होता. ‘रेसिडेंट’ आणि ‘दुय्यम’ हे शब्द समानार्थी झाले ते नंतर, विमानाने येऊन दोन तास वाजवून जाणाऱ्या तारकांचे दिवस आल्यावर.

तेव्हा क्लबच्या व्यवस्थापनाला तुम्ही चाहत्यांनी मिळून एक विनंती करून पाहा : काही महिन्यांतून एकदा पाहुण्याविना, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंतची सबंध रात्र रेसिडेंटला द्यावी. अशी मागणी डीजेने स्वतः केली तर ती अहंकाराची वाटते. प्रवेशाचे पैसे भरणाऱ्या साठ जणांनी केली तर विचारात घेतली जाते. आणि त्या रात्री कृपया अकरानंतर येऊ नका. पहिला तास रिकाम्या फ्लोअरला वाजवून दाखवणे हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे, तो वाटतो तितका काव्यमय नाही.

प्रश्न : ट्रॅकचे नाव विचारले तर आमचा डीजे हसतो आणि सांगत नाही. हा चाहत्यांचा अपमान नव्हे का?

दोन शक्यता आहेत. ट्रॅक अजून प्रसिद्ध झालेला नसेल आणि निर्मात्याने तो विश्वासाने दिलेला असेल, तर नाव सांगणे त्याच्या हातात नाही. ट्रान्सचे चाहते अशा अनामिक ट्रॅकला ‘आयडी’ म्हणतात आणि त्याचा माग काढण्यात त्यांना ट्रॅकइतकाच आनंद मिळतो. ट्रॅक बाजारात उपलब्ध असूनही तो दडवत असेल, तर ती जुनी खोड आहे. १९५० च्या दशकात जमैकात साउंड सिस्टिम, म्हणजे नाचाच्या मैफलींसाठी मोठे ध्वनिक्षेपक आणि तबकड्या, चालवणारी मंडळी, प्रतिस्पर्ध्याला पत्ता लागू नये म्हणून, तबकडीवरचे लेबल खरवडून टाकत असत. त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी तरी होता. ज्याला नाव हवे आहे तो घरी जाऊन तो ट्रॅक शंभर वेळा ऐकेल आणि पुढच्या वेळी तुमच्या डीजेकडून तो ऐकायला पहिल्या रांगेत उभा राहील, मग दडवायचे कोणापासून? सेट संपल्यावर विचारा. मिक्सच्या मध्यात विचारलेल्या प्रश्नाला हसणे एवढेच उत्तर देता येते.

प्रश्न : नऊ वर्षे ज्या डीजेमागे आम्ही शनिवार घालवले, तो आता हळूहळू टेक्नोकडे, म्हणजे कमी धुनीच्या, कठोर ठोक्यांच्या संगीताकडे, वळला आहे. विचारले तर म्हणतो, ‘माणूस बदलतोच.’ आम्हाला फसवल्यासारखे वाटते. आमचा काही हक्क नाही का?

संगीतावर हक्क नाही. मात्र आधी कळण्याचा हक्क आहे, असे माझे मत आहे.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात वाजवणारा डच डीजे टिएस्टो हा त्या काळी ट्रान्सचा जणू चेहराच होता. २००९ च्या सुमारास तो वेगळ्या धाटणीकडे वळला, तेव्हा जुन्या चाहत्यांची नाराजी पुष्कळ काळ टिकली. उलट, आर्मिन व्हॅन ब्युरेन या दुसऱ्या डच डीजेने २००१ मध्ये सुरू केलेला ट्रान्सचा रेडिओ कार्यक्रम दर आठवड्याला चालू राहिला, आणि त्याभोवती चाहत्यांचे एक मोठे कुटुंबच उभे राहिले. यांपैकी एक प्रामाणिक आणि दुसरा अप्रामाणिक, असे मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा सहा तास तेच वाजवताना आतला झरा आटला, तर चाहत्यांना ते डीजेच्याही आधी कळते, आणि आटलेल्या झऱ्याचे ट्रान्स ऐकण्यापेक्षा मनापासूनचे टेक्नो बरे.

परंतु फिरता कलावंत आणि रेसिडेंट यांत फरक आहे. टिएस्टोचा कार्यक्रम आवडेनासा झाला तर तिकीट काढू नये, इतके ते सोपे असते. तुमच्या डीजेच्या शनिवारी तुमच्या ओळखी झाल्या, मैत्री झाली, कदाचित संसारही जुळले. ती रात्र त्याच्या एकट्याची राहिलेली नाही. म्हणून ट्रान्सच्या नावाखाली लोकांना बोलावून टेक्नो ऐकवणे मला अनुचित वाटते. रात्रीचे नाव बदलावे, किंवा दोन शनिवार हे आणि दोन ते असे उघडपणे जाहीर करावे. एक गोष्ट मात्र तपासून पाहा : तो खरोखर टेक्नो वाजवतो आहे, की ट्रान्सच बदलले आहे? कमी धून, कठोर किक आणि चढा वेग यांकडे झुकलेले टेक-ट्रान्सही आता पुष्कळ वाजते. १९९९ च्या आठवणी घेऊन उभ्या असलेल्या कानांना ते परके वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या कानांनाही वाटले होते.

प्रश्न : शेवटच्या तासात आम्ही ‘आवाज वाढवा’ म्हणून ओरडतो, आणि आमचा रेसिडेंट, उलट, आवाज उतरवतो असा आमचा संशय आहे. चाहत्यांना हवे ते द्यायला त्याला काय हरकत आहे?

तुमचा संशय बरोबर असेल, तर तो डीजे जपून ठेवावा असा आहे. तीन-चार तास मोठ्या आवाजात राहिल्यावर कान तात्पुरते बधिर होतात, म्हणून तोच आवाज कमी वाटू लागतो. डीजेचे कानही त्याच अवस्थेत असतात, आणि दोन्ही बाजूंनी बधिर झालेली माणसे एकमेकांना ‘आणखी’ म्हणू लागली की आवाजाचे मीटर लाल पट्ट्यात जाते आणि वरचे सूर फाटू लागतात. ट्रान्समध्ये सगळे काही त्या वरच्या सुरांत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये क्लब आणि संगीत कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल इतकी आहे. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेत दिली जाणारी शिफारस त्याहून कडक आहे : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटे मिळतात. तुम्ही रात्रभर तिथे असता, आणि तो तर दर आठवड्याला असतो.

संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात; ते सर्व सूर जवळजवळ सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे धून मळकट होत नाही. पुढच्या वेळी ओरडण्याआधी तुमच्या डीजेचा हेडफोन बाजूला झाला की त्याच्या कानांत काय आहे, ते पाहून घ्या.