बारावीच्या आधीच कॉलेजचं क्रेडिट? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरला राहतो. मुलगा सीबीएसईला अकरावीत आहे, मॅथ्सवाला. माझे दीर सिएटलला असतात, त्यांची मुलगी शाळा संपायच्या आतच कॉलेजची दोन वर्षं उरकून बसली, तेव्हापासून आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नाही. भंवरकुआंला एका क्लासवाल्याकडे जाऊन आलो, तो म्हणतो पाच एपी (शाळेत असतानाच देता येणाऱ्या, कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकन परीक्षा) करा, एक वर्षाची फी वाचलीच समजा, आणि आज पैसे भरले तर डिस्काउंट. मुलाला बाहेर जायचंय पण पक्कं नाही, जेईई तर देणारच आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते डिस्काउंट सोडा. आणि पुतणीचं उदाहरणही जरा बाजूला ठेवा, कारण तिनं जे केलं ते तुमच्या मुलाला इंदुरात बसून करताच येत नाही. वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट म्हणून सोय आहे, अकरावी-बारावीची मुलं शाळेऐवजी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसतात, ट्यूशन फी लागत नाही, पुस्तकं न् बारीकसारीक फी घरची. एकच कोर्स शाळेतही धरला जातो आणि कॉलेजातही, म्हणून याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मिनेसोटानं १९८५ मध्ये असा कायदा केला, मग बाकीची राज्यं आली. पण त्यासाठी तिथल्या शाळेत नाव असावं लागतं. आणि एक गोष्ट दीर फोनवर सांगणार नाहीत, तिथे सोळाव्या वर्षी सी ग्रेड आली तर ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमची चिकटते, पुढे मेडिकलला अर्ज केला तरी ती दाखवावी लागते.

तुमच्यासाठी खरा रस्ता एपीचाच. कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची परीक्षा, सॅट ही कॉलेजची प्रवेशपरीक्षा घेतात तेच हे. मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते, मार्क १ ते ५, निकाल जुलैत. शाळेत एपी शिकवत नसले तरी बाहेरून बसता येतं. सेंटर मात्र इंदुरातच मिळेल असं धरून चालू नका, कॉलेज बोर्डच्या साइटवर बघा, आणि नाव नोंदवायचं ते आधीच्या दिवाळीच्या आसपास, मार्चमध्ये जाग आली तर उशीर झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. क्रेडिट म्हणजे एखादा कोर्स डिग्रीच्या हिशोबात धरला जाणं, आणि ते परीक्षा देत नाही, देतं ते कॉलेज. एपीवाले फक्त आकडा देतात. त्या आकड्याचं काय करायचं हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, आणि इतकं वेगवेगळं ठरवतं की बघून डोकं गरगरतं. कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी ३ आला तरी युनिट्स देते. एमआयटी कॅल्क्युलस बीसीमध्ये (एपीचा कॅल्क्युलसचा मोठा पेपर) ५ असेल तरच पहिल्या सेमचं कॅल्क्युलस माफ करते. कॅलटेक तर काहीच देत नाही, ५ आणा नाहीतर ५० आणा. म्हणजे पाच एपी केलेला मुलगा एका ठिकाणी अख्खं वर्ष पुढे असतो आणि दुसऱ्या ठिकाणी शून्यावर. क्लासवाल्यानं हे सांगितलं का? नसेल सांगितलं.

आमच्याच घरचं सांगतो. पुतण्याला कॅल्क्युलसमध्ये ४ आले, वहिनींनी पेढे वाटले, शेजारच्या शर्माजींकडेही डबा गेला. ऑगस्टमध्ये पोरानं कॉलेजचं पोर्टल उघडलं तर ट्रान्सफर क्रेडिटच्या रकान्यात ठणठणीत ०.००, त्यांना ५ हवे होते, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं आणि आमच्यापैकी एकानंही ते पान उघडलं नव्हतं. परत तोच विषय, परत तीच फी. (पहिल्या सेमला गणिताच्या तासाला तो मस्त झोपा काढायचा, तेवढाच फायदा.)

म्हणून क्लास लावायच्या आधी मुलाला बसवा आणि त्याच्या मनातली सहा-सात कॉलेजं कागदावर लिहायला सांगा. प्रत्येकाच्या साइटवर एपी क्रेडिट पॉलिसी शोधायची, कुठला विषय, किती स्कोअर, कुठल्या कोर्सच्या बदल्यात. आणि नीट वाचा, काही ठिकाणी फक्त प्लेसमेंट देतात, म्हणजे पहिला कोर्स सोडून वरच्या वर्गात बसा, पण डिग्रीला लागणाऱ्या साधारण १२० क्रेडिट्समधून काही कमी होत नाही. पैसे वाचतात ते क्रेडिटनं, प्लेसमेंटनं नाही. एक संध्याकाळ जाईल, पण फुकट आहे.

विषय कुठले, तर इथे क्लासवाले हमखास गडबड करतात. सीबीएसईत अकरावीला फिजिक्सचा मोठा भाग मेकॅनिक्स, तेव्हा अकरावीनंतरच्या मेमध्ये फिजिक्स सी मेकॅनिक्स देणं समजण्यासारखं आहे, फक्त ते कॅल्क्युलस वापरून असतं, तेवढी तयारी लागेल. कॅल्क्युलस बीसी मात्र अकरावीनंतर नको, इंटिग्रेशन आपल्याकडे बारावीत येतं आणि टेलर सिरीज वगैरे तर शाळेत येतच नाही. कॉम्प्युटर सायन्स ए घेईन म्हणाला तर सांगा, शाळेत पायथन शिकतो आणि तो पेपर जावाचा आहे.

वेळेचंही बघा. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, म्हणजे अ‍ॅडमिशनला उपयोग होईल तो अकरावीनंतरच्या मेमधल्या स्कोअरचा. क्रेडिटसाठी मात्र बारावीनंतरच्या मेमध्ये दिलेलीही चालते, कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं तोवर निकाल हातात असतो. पण तो मे म्हणजे बोर्ड नुकतंच संपलेलं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड डोक्यावर, सीयूईटी (सेंट्रल युनिव्हर्सिट्यांची प्रवेशपरीक्षा) असेल तर तीही त्याच सुमारास, आणि बाहेर बेचाळीस डिग्री. जेईई खरंच मनापासून द्यायची असेल तर माझ्या मते एक, फार तर दोन एपी. पाच नाही. आणि बाहेर जायचंच पक्कं नसेल तर एकही नाही, आयआयटीत एपीचा ५ दाखवून काही मिळत नाही.

इंग्लंडला जायचा विचार असेल तर एपीचा उपयोग प्रवेशापुरता, तिथे डिग्रीच मुळात ३ वर्षांची, वर्ष कमी करायच्या भानगडीत ते पडत नाहीत.

प्रश्न: काका, मी बारावीत आहे, सुदामा नगर. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) पायथनचा कोर्स करतोय. पुढे डीएव्हीव्हीला, म्हणजे इथल्या देवी अहिल्या युनिव्हर्सिटीत, अ‍ॅडमिशन घेतली तर हे क्रेडिट तिथे चालेल ना? मित्र म्हणतो ४० टक्के चालतं.

उत्तर: मित्र अर्धं बरोबर बोलतोय रे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार कॉलेज एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स स्वयम् या सरकारी पोर्टलवरच्या कोर्सची धरू शकतं, एनपीटीईएलचे कोर्सही त्यातच येतात. पण ही सोय कॉलेजात असलेल्या मुलांसाठी आहे, कॉलेजनं सेमिस्टरच्या आधी तो कोर्स मंजूर केलेला असावा लागतो. शाळेत असताना मिळवलेलं सर्टिफिकेट नंतर नेऊन टेबलावर ठेवलं तर बाबू म्हणेल छान आहे, फाइलला लाव. तेव्हा क्रेडिटच्या आशेनं करू नकोस, पायथन यावं म्हणून कर. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे, आणि असाइनमेंटचे २५ टक्के न् परीक्षेचे ७५, म्हणजे दर आठवड्याला थोडं करत राहिलास तर शेवटी रडारड होत नाही.

तुझ्यासारख्यासाठी खरी कामाची गोष्ट आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेल्यालाही त्याच्या क्वालिफायरला, म्हणजे पात्रता परीक्षेला, बसता येतं, जेईई लागत नाही, चार आठवडे अभ्यास आणि मग सेंटरवर जाऊन पेपर. पास झालास तर बारावीनंतर सरळ फाउंडेशन या पहिल्या टप्प्याला. आणि २०२२ पासून यूजीसी दोन डिग्र्या बरोबर करू देते, म्हणजे डीएव्हीव्हीही चालू, हेही चालू. पण बारावीच्या प्री-बोर्डच्या महिन्यात क्वालिफायर नको, आई घराबाहेर काढेल.

प्रश्न: नात आठवीत आहे. शाळेनं अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा सरकारी नंबर) काढायला सांगितलंय, त्यात क्रेडिट जमा होतात म्हणे. मग कॉलेजला तिचं वर्ष कमी होईल का? — एक आजोबा, रामबाग

उत्तर: आजोबा, बँकेत खातं उघडलं म्हणजे पैसे आले असं होत नाही ना, तसंच आहे. २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये शाळेच्या एका वर्षालाही ४० क्रेडिट्स धरलेत, १२०० तासांचे. पण ती आठवी झाली, दहावी झाली याची नोंद आहे, कॉलेजच्या वर्षातून ती वजा होत नाहीत. नातीचं वर्ष वाचणार नाही.

आयडी मात्र काढून टाका, आणि काढताना नाव नीट बघा. आपल्या मराठी घरांत आधारवर मध्ये वडिलांचं नाव असतं आणि इथल्या शाळेच्या रजिस्टरात नुसतं नाव-आडनाव, मग जुळतच नाही. तिची शाळा सीबीएसई असेल तर नववीत बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं आणि तेच नाव पुढे दहावीच्या मार्कशीटवर येतं, तेव्हा या वर्षीच आधार घेऊन शाळेच्या ऑफिसात एक चक्कर मारा.