शेवटी सगळ्यांचंच तारण होणार असेल, तर नरक कशासाठी?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. शेवटी झाडून सगळ्यांचं तारण, म्हणजे पाप आणि त्याच्या शिक्षेतून सुटका, होईल या म्हणण्याला बायबलमध्ये आधार आहे का, असेल तर नरकाचं काय करायचं, आणि असं मानणाऱ्याला ख्रिस्ती म्हणवून घेता येतं का. मी स्वतः सर्वांच्या तारणाची आशा धरणाऱ्यांपैकी आहे, खात्री देणाऱ्यांपैकी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल तुम्हाला माहीत असेल.

नरकापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. ‘सगळे तरणार’ म्हणणारे नरकच नाकारतात, असं धरून चाललं जातं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत होजिया बॅलूसारखे काही जण मेल्यानंतर शिक्षाच नाही इथपर्यंत गेले खरे, पण त्यावरून सर्वांचं तारण मानणाऱ्या त्यांच्याच पंथात 1831 साली फूट पडली. प्राचीन मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, या विचाराची मोठी नावं, म्हणजे तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ऑरिगेन आणि चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी, दोघांनाही न्याय मान्य होता आणि आगही. त्यांचं म्हणणं एवढंच की ती आग शुद्ध करण्यासाठी आहे, आणि शुद्ध करणारी आग कधीतरी आपलं काम संपवते.

ग्रेगरीचा एक संवाद इथे सांगण्यासारखा आहे. त्याचा भाऊ बासिल नुकताच वारला होता आणि बहीण माक्रिना मरणाच्या दारात होती. शोकाने खचलेला ग्रेगरी तिला भेटायला जातो, आणि समजूत घालायची वेळ त्या आजारी बाईवरच येते. तो विचारतो, मेल्यावर आत्म्याला इतक्या वेदना का? ती दोराचं उदाहरण देते. जाड दोरावर चिखल वाळून घट्ट बसलाय. त्याचं एक टोक अरुंद भोकातून ओवून पलीकडून कोणी जोर लावून ओढलं, तर दोर पलीकडे जातो आणि चिखल खरवडून अलीकडे पडतो. ओढणारा आपलीच वस्तू स्वतःकडे घेत असतो, त्याला दोर दुखवायचा नसतो. दोराला जो त्रास होतो तो अंगाला चिकटलेल्या चिखलामुळे. म्हणून ज्याच्यात दुष्टपणा जितका जास्त, त्याची वेदना तितकी लांब. पापाला सूट दिली जाते, असा आरोप या मतावर करणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा. मला तरी तो वाचून धडकीच भरते.

आता बायबल. दोन्ही बाजूंकडे वचनं आहेत आणि कुठलीच बाजू पोकळ नाही. प्रेषित पौल लिहितो की आदामात जसे सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील, आणि शेवटी देव ‘सर्वांत सर्व काही’ होईल. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तेच, कलस्सैकरांस पत्रात सर्व गोष्टींचा देवाशी समेट. समोरच्या बाजूला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली मेंढरं आणि शेरडं (न्यायाच्या वेळी राजा लोकांना अशी वेगळी करतो आणि डावीकडच्यांना शिक्षेला धाडतो), मेल्यानंतर श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर यांच्यामधली ओलांडता न येणारी दरी, प्रकटीकरणातलं अग्नीचं सरोवर. हे बहुतेक शब्द खुद्द येशूच्या तोंडचे आहेत, तेव्हा त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

परंपरेच्या बाजूने सगळ्यात भक्कम मांडणी चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याची. तो विरोधकांना ‘आमच्यातले दयाळू लोक’ म्हणतो आणि त्यांच्याशी शांतपणे चर्चा करायची आहे असं सांगून सुरुवात करतो. (ही रीत आजच्या वादातून पार हद्दपार झाली आहे.) त्याचा मुद्दा सरळ आहे. मत्तयात एकाच वाक्यात एकाच शब्दाने सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन म्हटलंय. शिक्षेला शेवट असेल, तर जीवनालाही मानावा लागेल. त्या ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय यावर तेव्हापासून ढीगभर लिहिलं गेलंय. माझ्या मते निकाल तिथे लागणार नाही.

कारण हाच ऑगस्टीन दुसरीकडे काय करतो पाहा. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय. तिथे ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारची माणसं, राजे आणि सामान्य, शिकलेले आणि अडाणी, असा अर्थ तो लावतो. म्हणजे एका वचनाला अक्षरशः धरून ठेवायचं तर दुसऱ्याला मुरड घालावी लागते. ‘आम्ही फक्त बायबल म्हणतं तेच म्हणतो’ असं या वादात कोणी सांगितलं, की मी सावध होतो.

थॉमस टॅल्बट या अमेरिकी तत्त्वज्ञाने ही मेख नेमकी पकडली आहे. देवाला सगळे वाचायला हवे आहेत. देवाला जे हवं ते शेवटी तो करतोच. काही जण कायमचे गमावले जातात. या तीन विधानांतली कोणतीही दोन घ्या, तिसरं सोडावंच लागतं. कोण तरणार हे देवानेच आधी ठरवलंय असं मानणारे कॅल्विनच्या परंपरेतले लोक पहिलं सोडतात, माणसाच्या स्वेच्छेवर भर देणारे दुसरं, आणि सर्वांच्या तारणाची खात्री सांगणारे तिसरं. दुष्टांचा शेवटी नाशच होतो, ते अनंतकाळ तडफडत नाहीत, असाही एक मार्ग आहे; जॉन स्टॉटसारख्या इव्हँजेलिकल (बायबलला सर्वोच्च मानणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रवाहातल्या) धुरीणाने 1988 साली त्याकडे आपला कल बोलून दाखवला. पण त्यानेही तिसरं विधान उरतंच, फक्त दुःख थांबतं.

आजकाल बऱ्याच मंडळ्यांत दुसरं विधान सोडलं जातं. देव कुणाला नरकात टाकत नाही, माणूसच आतून कडी लावून बसतो. हे ऐकायला बरं वाटतं आणि त्यात तथ्यही आहे. क्षमा मागावी लागू नये म्हणून अख्खं आयुष्य कडवटपणात काढणारी माणसं आपण बघतोच. तरी माझ्या दोन शंका आहेत. एक, मत्तयातला राजा ‘माझ्यापुढून निघून जा’ म्हणतो. तो दाराबाहेर वाट बघत उभा नाही, म्हणजे इथेही वचन मऊ करून घेतलंय. दोन, खरं काय ते पूर्ण उमगल्यावरही, कसली भीती किंवा भ्रम नसताना, कुणी अनंतकाळ आपलंच वाटोळं करत राहील का? आणि उमगलेलंच नसेल, तर त्या निवडीला स्वतंत्र तरी कसं म्हणायचं? टॅल्बटच्या या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मात्र मला खरा धक्का देणारा प्रश्न वेगळाच आहे. आमच्या बायबल अभ्यासात एका बाईंनी पाळकांना विचारलं होतं, “मी स्वर्गात गेले आणि माझी आई तिथे नसली, तर मी सुखी कशी असेन?” पाळक म्हणाले, तेव्हा देव तुमचे अश्रू पुसेल. बाई म्हणाल्या, “म्हणजे मला आई आठवणार नाही?” त्यावर कोणीच बोललं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन धर्मचिंतक श्लायरमाखरने हाच मुद्दा काढला होता की गमावलेल्यांबद्दलची कणव शिल्लक असेल तर वाचलेल्यांचा आनंद पूर्ण होऊ शकत नाही. मध्ययुगात कॅथलिक धर्मचिंतक थॉमस अक्वायनसचं उत्तर होतं की संतांना नरकातल्या शिक्षा दिसतील आणि देवाच्या न्यायामुळे त्यांचा आनंद उणावणार नाही. तर्काने ते सुसंगत असेल, पण त्या बाईंसमोर हे वाक्य उच्चारायची माझी छाती नाही.

मग खात्रीने ‘सगळे तरतील’ असं मी का म्हणत नाही? माणसं ‘नाही’ म्हणू शकतात हे येशूने ज्या गांभीर्याने सांगितलं, ते खात्री बाळगली की नुसतं धमकावणं ठरतं. विसाव्या शतकातला प्रॉटेस्टंट धर्मचिंतक कार्ल बार्ट याने सर्वांचं तारण ही शिकवण म्हणून मांडायला नकार दिला, पण त्याची आशा धरायला कुणी मनाई केलेली नाही हेही सांगितलं. कॅथलिक विचारवंत हान्स उर्स फॉन बाल्थाझार याच वाटेने गेला. 2024 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस इटालियन टीव्हीवर म्हणाले की नरक रिकामा आहे असा विचार करायला मला आवडतं, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. हे तुम्हाला तळ्यात-मळ्यात वाटेल. वाटू द्या.

आता ख्रिस्ती राहता येतं का. नेहमी 553 साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा दाखला देतात. त्या परिषदेच्या निषेधांत, म्हणजे चुकीच्या शिकवणी धिक्कारणाऱ्या ठरावांत, ऑरिगेनचं नाव आहे. पण सर्वांच्या पुनर्स्थापनेचा (शेवटी सगळे देवाकडे परतण्याचा) उल्लेख ज्या पंधरा निषेधांत येतो ते परिषदेच्या अधिकृत बैठकीत संमत झाले का, यावर इतिहासकारांत वाद आहे. शिवाय त्यातला पहिलाच निषेध आत्मे जन्माआधीपासून असतात ही कल्पना आणि तिच्यातून निघणारी पुनर्स्थापना यांना एकत्र बांधतो. ग्रेगरी मात्र पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे संत म्हणून मान्य आहे. कॅथलिक चर्च नरक आहे असं शिकवतं, तरी अमुक माणूस तिथे गेला असं त्याने आजवर अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. आशा धरली म्हणून तिथे कुणी तुम्हाला बाहेर काढणार नाही. बऱ्याच प्रॉटेस्टंट संस्थांच्या विश्वासपत्रकात मात्र सार्वकालिक शिक्षा स्पष्ट लिहिलेली असते. तिथे आराधनेला बसायला अडचण नाही, शिकवायला उभं राहायचं असेल तर येते. 1853 मध्ये अँग्लिकन धर्मचिंतक एफ. डी. मॉरिसला लंडनच्या किंग्ज कॉलेजातलं प्राध्यापकपद गमवावं लागलं, आणि त्याने सगळे तरतील असं म्हटलंही नव्हतं. ‘सार्वकालिक’ म्हणजे न संपणारा काळ नव्हे, एवढंच तो म्हणाला होता.