सूर-संवाद : पेट शॉप बॉइज पार्लोफोनकडे परतले, याचा आनंद कशासाठी?

प्रश्न : पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीची गाणी मी कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकू लागलो आणि आजही ऐकतो. २०२४ मध्ये नव्या अल्बमच्या निमित्ताने ते पार्लोफोन या आपल्या जुन्या कंपनीकडे परतले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांना झालेला आनंद पाहून मला नवल वाटले. गाणी लिहिणारे तेच, गाणारा आवाज तोच; मग वेष्टनावर कोणत्या कंपनीचे नाव आहे याने ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फरक पडतो, आणि ज्यांनी या जोडीचे अल्बम वर्षानुवर्षे विकत घेतले त्यांना तो सर्वांत आधी जाणवतो. नील टेनंट आणि ख्रिस लो १९८५ मध्ये पार्लोफोनकडे आले, पुढच्याच जानेवारीत ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि २०१२ च्या ‘इलीझियम’पर्यंत त्यांचा प्रत्येक अल्बम याच कंपनीने प्रकाशित केला. ते तिथून बाहेर पडले तो काळ समजून घेतला, तर चाहत्यांच्या आनंदाचे कारण आपोआप कळते. पार्लोफोन ज्या ईएमआय समूहाची होती, तो समूहच तेव्हा मोडीत निघाला होता. २०१२ मध्ये युनिव्हर्सल या दुसऱ्या बड्या संगीत कंपनीने ईएमआयचा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय घेतला. बाजाराचा फार मोठा हिस्सा एकाच कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून युरोपीय आयोगाने पार्लोफोन विकण्याची अट घातली, आणि २०१३ मध्ये वॉर्नरने ती ४८ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतली. बीटल्सची ध्वनिमुद्रणे मात्र या विक्रीतून वगळून युनिव्हर्सलकडेच ठेवण्यात आली. ज्या नावाखाली बीटल्स जगाला माहीत झाले ते नाव एका कंपनीकडे आणि त्यांची गाणी दुसरीकडे, अशी ही विचित्र वाटणी होती. ही उलथापालथ चालू असतानाच, मार्च २०१३ मध्ये, पेट शॉप बॉइजनी पार्लोफोन सोडत असल्याचे जाहीर केले आणि एक्स टू या स्वतःच्या नावाखाली अल्बम काढायला सुरुवात केली.

त्यामुळे त्यांच्या कामाचे दोन भाग पडले. १९८५ ते २०१२ पर्यंतची गाणी पार्लोफोनकडे, म्हणजे आता वॉर्नरकडे राहिली, आणि त्यानंतरचे ‘इलेक्ट्रिक’ (२०१३), ‘सुपर’ (२०१६) आणि ‘हॉटस्पॉट’ (२०२०) हे तीन अल्बम त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाले. जुन्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली की तिचे श्रेय आणि तिची जाहिरात एका घरची, आणि नवे गाणे आले की दुसऱ्या घरची, असे दहा वर्षे चालले. ही फट बुजण्याची पहिली ठोस खूण २०२३ मध्ये दिसली. पार्लोफोनने १९८५ ते २०२० या काळातली त्यांची ५५ गाणी एका संचात आणली आणि त्यात मधल्या स्वतंत्र वर्षांतली गाणीही सन्मानाने घेतली. पुढच्या वर्षी ‘नॉनदलेस’ हा नवा अल्बम त्याच कंपनीकडून आला. संपूर्ण कारकीर्द एका ठिकाणी, नीट क्रमाने आणि चांगल्या ध्वनीत मिळत राहील अशी आशा त्यामुळे वाटू लागली, आणि चाहत्यांचा आनंद मुख्यतः या आशेचा होता. मला तो पूर्णपणे रास्त वाटतो.

प्रश्न : आमच्या इथल्या चाहत्यांत या करारावरून चक्क दोन तट पडले आहेत. काहींना तो घरवापसीसारखा वाटतो. मला आणि माझ्यासारख्या काहींना मात्र वाटते की, स्वतःच्या गाण्यांची मालकी स्वतःकडे ठेवणाऱ्या कलावंतांनी पुन्हा मोठ्या कंपनीकडे जाणे ही माघार आहे. आपले मत काय? (एक मराठी वाचिका, लंडन)

उत्तर : तुमची शंका मोलाची आहे, पण ‘माघार’ हा शब्द मला पटत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराचा असतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, ज्याला या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, त्याचा हक्क जुन्या पद्धतीच्या करारात बहुधा कंपनीकडे जातो, कारण स्टुडिओचा आणि जाहिरातीचा पैसा ती घालते. २०१३ मध्ये पेट शॉप बॉइजनी निवडलेली पद्धत वेगळी होती. मास्टर कलावंताचा, आणि कोबाल्टसारखी संस्था वितरण व प्रसिद्धीचे काम ठरलेल्या मोबदल्यात करणार. जोखीम कलावंताची आणि मालकीही त्याचीच.

या जोडीला कराराची किंमत फार लवकर कळली होती, हे विसरता कामा नये. टेनंट तेव्हा ‘स्मॅश हिट्स’ या संगीतविषयक नियतकालिकात काम करत होते. १९८३ मध्ये मुलाखतीच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले असता ते बॉबी ऑर्लँडो या निर्मात्याला भेटले, आणि ‘वेस्ट एंड गर्ल्स’ची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये त्याच्याच हाताखाली निघाली. पार्लोफोनकडे येण्यासाठी तो करार मोडावा लागला आणि त्याच्या मोबदल्यात पुढच्या रॉयल्टीतला मोठा वाटा ऑर्लँडोला द्यावा लागला. पार्लोफोनकडे आल्यावर स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर तेच गाणे त्यांनी नव्याने केले, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पहिल्या क्रमांकावर गेले ते हे दुसरे रूप. रॉयल्टीसाठी लताबाईंनी साठच्या दशकात संगीत कंपन्यांपुढे आणि आपल्या सहकाऱ्यांपुढे जो आग्रह धरला, तो ज्यांना माहीत आहे त्यांना या व्यवहाराचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

ज्यांनी असा अनुभव घेतला आहे, ते चाळीस वर्षांनी आंधळेपणाने सही करतील असे मला वाटत नाही. शिवाय १९८५ मधले नवखे कलावंत आणि २०२४ मधले हे दोघे यांत मोठा फरक आहे. स्वतंत्र झाल्यावर आलेला ‘इलेक्ट्रिक’ ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. १९९३ मधल्या पहिल्या क्रमांकानंतर त्यांच्या कोणत्याही नव्या स्टुडिओ अल्बमला इतके वरचे स्थान मिळाले नव्हते. ‘सुपर’ आणि ‘हॉटस्पॉट’ हेही तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. मोठ्या कंपनीशिवाय आपले चालते हे तीनदा सिद्ध करून मग जो कलावंत वाटाघाटीला बसतो, त्याचा शब्द वजनदार असतो. आणखी एक गोष्ट तुमच्या गटाने विचारात घ्यावी. कोबाल्टचा वितरण व प्रसिद्धीचा हा विभाग पुढे अवॉल या नावाने चालू लागला आणि २०२१ मध्ये तोही सोनीने विकत घेतला. स्वतंत्र म्हणवणारी वाटसुद्धा शेवटी एका मोठ्या कंपनीच्या अंगणातच पोहोचली होती.

माझ्या मते या निर्णयाचा खरा कस गाण्यांतच लागतो. स्वतंत्र वर्षांतले तिन्ही अल्बम स्टुअर्ट प्राइस या एकाच निर्मात्याने घडवले. त्यांत नृत्यगृहाचा ताल, यंत्रांचा कोरडा, धारदार आवाज आणि विलक्षण जोम आहे. ‘नॉनदलेस’साठी जेम्स फोर्ड हे नवे निर्माते आले आणि यंत्रांच्या जोडीला खऱ्याखुऱ्या वाद्यवृंदाची तंतुवाद्ये आली. टेनंट यांचा आवाज मुळात पातळ, काहीसा बोलल्यासारखा; तो या तंतुवाद्यांवर टेकतो तेव्हा त्यातले वय आणि त्यातली माया दोन्ही ऐकू येतात. असे ध्वनिमुद्रण स्वस्तात होत नाही, आणि मोठ्या कंपनीचा पैसा अशा कामी येत असेल तर मला त्याबद्दल तक्रार नाही.

प्रश्न : एकाच अल्बमच्या साध्या, विशेष, रंगीत तबकडीच्या अशा अनेक आवृत्त्या काढल्या जातात. निष्ठावान चाहत्याच्या खिशाला ही कात्री नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहे, आणि याबाबतीत चाहत्यांची नाराजी मला न्याय्य वाटते. ‘नॉनदलेस’ची दहा गाणी साध्या सीडीवर पूर्ण मिळतात, तेव्हा ज्याला फक्त संगीत हवे आहे त्याने तेवढीच घ्यावी. विशेष आवृत्तीत जुन्या चार गाण्यांची नवी रूपे आहेत. ती मनापासून आवडतील अशांनीच जास्तीचे पैसे खर्च करावेत.

प्रश्न : मी एकवीस वर्षांची आहे. सत्तरीला टेकलेल्या गायकाबरोबर कंपनी नवा करार का करते, हे मला समजत नाही. आणि माझ्यासारखीने त्यांना ऐकायला सुरुवात कुठून करावी? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : ‘नॉनदलेस’ आला तेव्हा टेनंट ६९ वर्षांचे होते आणि लो ६४ वर्षांचे. कंपनीच्या दृष्टीने पाहिले, तर नवा अल्बम आला की मुलाखती होतात, कार्यक्रम होतात, आणि तिच्याकडे आधीपासून असलेली जुनी गाणीही पुन्हा ऐकली जातात. त्या जुन्या गाण्यांचे उत्पन्न वर्षानुवर्षे चालू राहते. दुसरे म्हणजे या पिढीचे चाहते अजूनही सीडी आणि तबकडी विकत घेतात, आणि तीही पहिल्याच आठवड्यात. ‘नॉनदलेस’ ब्रिटनमध्ये थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. पण एवढ्यावरून हा केवळ हिशेबाचा मामला समजू नका. ज्या वयात बहुतेक गट जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करूनच थांबतात, त्या वयात हे दोघे नवी गाणी लिहितात आणि ती ऐकण्याजोगी असतात, हे मी जबाबदारीने सांगतो.

सुरुवात ‘इलेक्ट्रिक’पासून करा, कारण त्याचा वेग तुमच्या वयाला लगेच भावेल. त्यानंतर ‘नॉनदलेस’ ऐका. मग १९९० चा ‘बिहेवियर’ घ्या, जो त्यांनी म्युनिकमध्ये हॅरल्ड फाल्टरमायर यांच्याबरोबर केला आणि जो मला त्यांच्या सर्व कामात श्रेष्ठ वाटतो. तो मात्र इतर काही करता करता ऐकू नका. हेडफोन लावून सलग ऐका.