चिखलातली येझदी : वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

शेतरस्त्यावरच्या एन्ड्युरोत (खडतर वाटेवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत) माझ्या जुन्या येझदी २५० मोटरसायकलचं पुढचं चाक अर्ध्या किलोमीटरमध्येच गच्च झालं, फिरेना. इंजिनाचा दम कमी पडतोय का? पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लहान बसवू का? (वाचक, बार्शी)

इंजिन आणि स्प्रॉकेट दोन्ही आहे तसं राहू द्या. कमी पडतेय ती टायर आणि मडगार्डमधली जागा. मूळ पत्र्याचं मडगार्ड डांबरी रस्त्यासाठी टायरला लागून बसवलेलं आहे. काळी माती पाण्याने फुगते, टायरवर थर चढतो, त्यात धसकटं आणि पाचट मिसळतं आणि मडगार्डच्या आत चक्क गिलावा तयार होतो. धो-धो पावसातला पातळ रेंदा त्यामानाने बरा, तो टायरवरून उडून जातो. पाऊस उघडून वापसा यायच्या आधीची माती सगळ्यांत वाईट. अशा दिवशी शेतकरी ट्रॅक्टर रानात घालत नाही, तुम्ही मात्र नेमकी तेव्हाच गाडी घालता.

मडगार्ड तिथून काढून हेडलाइटखाली, फोर्कच्या खालच्या योकला (दोन्ही पाय वर धरणाऱ्या पट्टीला) उचलून लावा. शॉकअप पूर्ण दाबला तरी टायर आणि मडगार्डमध्ये तीन-चार बोटं राहिली पाहिजेत. त्यासाठी आधी शॉकअपची चाल मोजा, मग ब्रॅकेट कापा. इथे बहुतेक जण फसतात. जुनं मडगार्ड नुसता चिखल अडवत नाही, फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवण्याचं कामही करतं. ते काढलं की चाकोरीत पाय आपापले पिळतात, हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे. म्हणून खालच्या दोन्ही पायांना जोडणारी ५-६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीची कमान करून घ्या. तिच्याखालीही टायरला मोकळी जागा हवी, नाहीतर मडगार्डचं दुखणं कमानीला लागेल.

पूर्ण बंद चेनकव्हर मात्र काढू नका. दिसायला जुनाट वाटतं, पण चिखलात इतकी स्वच्छ चालणारी चेन आजच्या महागड्या गाड्यांनाही मिळत नाही. त्याची रबरी बाही फाटली असेल तर आधी ती बदला. आणि सीटखाली एक खुरपं बांधून ठेवा. चाकाच्या चिमट्यात बसलेला चिखल बोटांनी निघत नाही.

चढावर उभं राहून चालवताना क्लच सरकतो. नुसती रेस वाढते, गाडी पुढे जात नाही. प्लेटा दोनदा बदलल्या. (वाचक, संगमेश्वर)

तिसऱ्यांदा बदलू नका. जुन्या जावा-येझदीचा क्लच अर्धस्वयंचलित आहे: गिअरचा दांडा हलला की आतला कॅम क्लच उचलतो, हाताने लिव्हर दाबली नाही तरी. उभं राहिल्यावर बुटाचा पंजा दांड्यावर येतो किंवा बूट आणि दांड्याच्या मधे चिखलाचा गोळा बसतो. दांडा केसभर दबलेला राहतो आणि क्लच अर्धवट उचललेला.

तपासायला सोपं आहे. तसाच प्रकार झाला की डावा पाय पूर्ण उचला. गाडीने झटकन ओढ घेतली तर प्लेटा निर्दोष. फुटरेस्टवर टाचेऐवजी तळव्याचा मधला भाग ठेवा, पंजा किंचित बाहेर. तरीही फरक पडला नाही तर हँडलकडे केबलला मोकळा खेळ आहे का बघा.

ओढ्यात गाडी आडवी झाली, कार्बोरेटर बुडाला. किक अडकली आहे. (वाचक, भोर)

किकवर जोर देऊ नका. सिलिंडरात पाणी भरलंय आणि पाणी दाबलं जात नाही. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टू-स्ट्रोकला आणखी एक त्रास आहे. हवा आधी क्रँककेसमधून जाते, त्यामुळे पाणी तिथेही शिरतं.

पेट्रोल कॉक बंद, चावी बंद, प्लग बाहेर. गाडी मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सर निथळा. एअर फिल्टर काढून पिळा, फ्लोटची वाटी रिकामी करून पुसा. न्यूट्रलमध्ये किक मारत राहा, प्लगच्या भोकातून पाणी उडणं थांबेपर्यंत. तोंड भोकासमोर ठेवू नका. मग १०-१५ मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) भोकातून ओता, चार-पाच किका मारा, कोरडा प्लग लावा आणि कॉक उघडा. सुरुवातीला भरपूर धूर येईल, येऊ द्या.

त्याच संध्याकाळी इंजिन चांगलं तापवा. रात्रभर तशीच ठेवली तर क्रँकचे बेअरिंग गंजतात. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

पाण्यातून बाहेर आलं की पाच-दहा मिनिटांनी मिसिंग सुरू होतं, इंजिन ठेचकाळतं. पॉइंटचं झाकण सीलंटने पूर्ण बंद केलं तरी. (वाचक, कणकवली)

पूर्ण बंद केल्यानेच. गरम इंजिन गार पाण्यात गेलं की झाकणातली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. ते पॉइंटवर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांवर, बसतं. झाकणाला वरच्या बाजूने एक बारीक नळी काढून टाकीखाली वर न्या, म्हणजे हवा तिथून आत येईल. मग सीलंट लावा. प्लग कॅपमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. पॉइंटची फट ०.४ मिमी ठेवा.

चिखलात टायरमध्ये हवा किती? (वाचक, सातारा)

रिमलॉक (टायर रिमला आवळून धरणारा खिळा) असेल तर १२-१४ पीएसआय. नसेल तर १८च्या खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून येतो. वॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर कॅपखाली नेऊन ठेवा. टायर सरकायला लागला की वॉल्व्ह तिरका झालेला आधीच दिसतो.